शाळा उघडण्याआधी मुलांची तोंडं उघडून बघा

साधारण 15 जूनला शाळा उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्याहून उशिरा. म्हणजे पालकांच्या हातात अजून काही आठवडे आहेत, आणि हे आवाहन त्या आठवड्यांसाठीच आहे. घरात एक ते बारा वर्षांचं मूल असेल, तर या सुट्टीत त्याला एकदा दातांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणा. दात दुखत नसला तरी न्या. खरं तर दुखत नाही म्हणूनच न्या.

आम्ही लहान मुलांचे दात बघणारे डॉक्टर. आमच्याकडे मूल पहिल्यांदा येतं ते बहुतेक वेळा रात्रभर रडून. गाल सुजलेला, पोटात काही नाही, आईची झोप झालेली नाही, बाबांना दहाच्या आत कामावर पोचायचंय. अशा मुलाला खुर्चीत बसवलं की तिथला उजेड, मशीनचा आवाज, हातमोज्यांचा वास, सगळं त्या ठणक्यासोबतच त्याच्या डोक्यात बसतं. त्या दिवशी दाढेचा इलाज होतो, पण पुढची कित्येक वर्षं ते मूल दवाखान्याच्या पायरीवरच पाय रोवून उभं राहतं. पुढची दाढ किडली तर घरी सांगतही नाही. एकाच बाजूने चावतं, भाकरी बाजूला सारतं, नुसता भात गिळतं, आणि घरच्यांना वाटतं पोरगं जेवणाचे नखरे करतंय.

हे चार-दोन घरांचं दुखणं नाही. भारतीय दंत परिषदेच्या 2002-03 च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालात दुधाचे दात किडलेल्या मुलांचा जगभरातला आकडा 51 कोटींच्या घरात आहे. सोसायटीतल्या वाढदिवसाला केकभोवती गोळा झालेली मुलं डोळ्यांसमोर आणा, आणि त्यातली निम्मी धरा.

तेव्हा आज रात्रीच एक काम करा. जमिनीवर मांडी घालून बसा. मुलाचं डोकं मांडीत घ्या, तोंड छताकडे. मोबाइलचा टॉर्च दादाच्या किंवा ताईच्या हातात द्या. त्यांनाही महत्त्व मिळतं. आता बोटाने वरचा ओठ अलगद उचला. वरच्या समोरच्या दातांवर, हिरडीला अगदी लागून, पांढरट निस्तेज पट्टा दिसतो का? दूध चिकटलंय समजून तुम्ही तो पुसाल, पण तो जाणार नाही. किडीची सुरुवात ही अशी पांढरी असते, काळी नसते. काळं दिसेपर्यंत आपण बराच वेळ घालवलेला असतो. पांढऱ्या पट्ट्यावरून मात्र मागे फिरता येतं. डॉक्टर त्यावर फ्लोराइडचा लेप लावतात, घरी ब्रश नीट सुरू झाला की कवच पुन्हा घट्ट होऊ लागतं. ड्रिल नाही, सुई नाही. खालचे समोरचे दात बहुधा स्वच्छ दिसतील, कारण तिथे जीभ आणि लाळ राखणीला असतात. ते बघून निर्धास्त होऊ नका. मागच्या दाढांच्या खाचा बघा. हिरडीवर एखादी बारीक पुळी दिसली तर ती दातातला पू बाहेर पडण्याची वाट असते. पू वाहून जात असल्याने ठणका कमी होतो, म्हणून ती 'बरी झाली' असं वाटतं. ती बरी झालेली नसते. आणि दोन दाढांच्या फटीतली कीड तुम्हाला घरी दिसणारच नाही, तिच्यासाठी डॉक्टरच हवेत.

यावर हमखास येणारं उत्तर आम्हाला पाठ आहे. "डॉक्टर, दुधाचेच दात ते. पडणारच आहेत की!" पडणार आहेत, पण कधी? समोरचे सहा-सात वर्षांचं असताना पडतात. दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेवर मुलाने सहा-सात वर्षं काढायची का? दुधाच्या दाताचं कवच कायमच्या दातापेक्षा जवळपास निम्मंच जाड असतं, त्यामुळे कीड नसेपर्यंत पोचायला फार दिवस लागत नाहीत. त्याच्या मुळाशी खाली कायमचा दात तयार होत असतो. वरचा पू त्यालाही बाधतो. दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत सरकतात, खालून येणाऱ्याला जागा उरत नाही आणि तो वाट मिळेल तिकडून वर येतो. पुढे तारा लावण्यासाठी जो खर्च होतो, त्याचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

दुसरी एक दाढ आहे, जिच्याबद्दल पालकांना कुणी सांगतच नाही. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचा पत्ता लागत नाही, आणि लागला तरी ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते. जन्मभर पुरायची असते. वर-खाली, डावीकडे-उजवीकडे अशा चार दाढा, खाचा खोल आणि ब्रश पोचायला अवघड. पहिलीत जाणाऱ्या तुमच्या मुलाच्या तोंडात त्या आत्ता उगवत असतील. त्यांच्या खाचा सीलंटने बुजवून घेता येतात. टोचायचं नाही, कोरायचं नाही. दाढ कोरडी करून लेप सोडायचा आणि दिव्याखाली घट्ट करायचा, एवढंच. या सुट्टीत एकच गोष्ट करून घ्यायची असेल, तर मी हीच सांगेन.

आता खाण्याचं. आजोळी गेलेल्या पोरांना आमरस-पोळी नको म्हणणारा डॉक्टर मला अजून भेटलेला नाही. तुम्हाला भेटला तर त्याचं ऐकू नका. पानात वाढलेलं गोड जेवणाबरोबर पोटात जातं, तोंडात लाळही भरपूर सुटलेली असते. घात होतो तो मधल्या वेळच्या चरण्याने. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात. पीएच 5.5 च्या खाली उतरला की दाताच्या कवचातून खनिजं निघायला लागतात. लाळ हळूहळू ते आम्ल निववते आणि खनिजं परत बसवते, पण तिला त्यासाठी अर्धा-पाऊण तास लागतो. अकराला पेप्सीकोल्याची कांडी, बाराला गोळी, चारला चहा-बिस्किट, पाचला पुड्यातलं उरलेलं बिस्किट, सहाला सरबत, असं चाललं तर लाळेला ती उसंत मिळतच नाही. किती गोड खाल्लं यापेक्षा दातांना जास्त बाधतं ते किती वेळा खाल्लं. आणि बिस्किट हे गोड आहे, हे घराघरांत मान्यच नसतं! 'गोड काही देत नाही हो, फक्त बिस्किट' हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. मैद्याचा तो लगदा दाढेच्या खाचेत तासन्‌तास बसून असतो. मधल्या वेळी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, काकडी, पेरू, ताक, उकडलेलं अंडं द्या. अगदी लहानांना शेंगदाणे-फुटाणे अख्खे देऊ नका, ठसका लागतो. कूट करून द्या.

दीड-दोन वर्षांच्या बाळांच्या आयांना वेगळं सांगणं आहे. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरून बाळाला झोपवू नका. झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि ते दूध रात्रभर वरच्या दातांवर साचून राहतं. बाटली सोडवताना आधी साखर कमी करत न्या, मग दुधात पाणी वाढवत न्या, शेवटी नुसतं पाणी. आठवडाभर घर जागं राहील, त्याची तयारी ठेवा. चोखणीला मध किंवा गूळ लावू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध कुठल्याच कारणाने नको. खोकल्याचं गोड सिरप रात्री द्यायचं असेल तर आधी सिरप, मग ब्रश.

ब्रशचं सांगायचं तर पहिला दात आला की ब्रश सुरू. तीन वर्षांच्या आत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे मटारच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्टची लाट काढतात ती कंपनीच्या सोयीची असते. पेस्टमध्ये फ्लोराइड हवं. खोक्याच्या मागे छापलेला पीपीएमचा आकडा वाचा. आपल्या देशात कायद्याने ते 1000 पीपीएमपर्यंत असू शकतं आणि कीड रोखायला साधारण तेवढंच लागतं. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक रंगीत पेस्टमध्ये ते खूप कमी असतं किंवा नसतंच. एक अपवाद ध्यानात ठेवा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे आणि तिथल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. त्या गावांतल्या पालकांनी पेस्ट कोणती वापरायची हे डॉक्टरांना विचारून ठरवावं. ब्रश झाला की मुलाने थुंकावं, खळाखळा चुळा भरू नयेत, म्हणजे थोडं फ्लोराइड दातांवर राहतं.

आणि सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हातात ब्रश देऊन मोकळे होऊ नका. ज्याला अजून बुटाची नाडी धड बांधता येत नाही, त्याला मागची दाढ घासता येत नाही. त्याला आधी घासू द्या, मग तुम्ही घासा. सकाळी शाळेच्या गडबडीत एखाद्या दिवशी राहिलं तर राहिलं. रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही, आणि त्यानंतर फक्त पाणी.

मिश्रीबद्दल लिहायला नको असं वाटत होतं, पण लिहावं लागतंय. भाजलेल्या तंबाखूची ती पूड अजूनही आपल्या खेड्यापाड्यांत, आणि शहरांच्या वस्त्यांतही, सकाळी दातांना लावली जाते. आजी लावते म्हणून नात लावते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून देशात बंदी आहे. घरच्या तव्यावर ती कुणी आणायची? दात दुखला म्हणून मुलाच्या दाढेत तंबाखूची चिमूट दाबणं, गालात गोळी धरायला लावणं, लवंगेचं तेल ओतणं, यांनी कीड तसूभर हटत नाही, कोवळी हिरडी मात्र भाजून निघते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले किडे पाडून दाखवणारे बाजाराच्या दिवशी अजून भेटतात. दाताच्या किडीत असा डोळ्यांना दिसणारा किडा नसतोच. ते पैसे वाचवा.

पण या सगळ्याहून मोठी अडचण आहे भीतीची, आणि ती भीती मुलाच्या पोटात आपणच घालतो. "जेवतोस की नाही? नाहीतर डॉक्टरकाकांना सांगते सुई टोचायला!" हे वाक्य ज्या घरात बोललं जातं, त्या घरातलं मूल आमच्याकडे येण्याआधीच आमचं काम दुप्पट झालेलं असतं. डॉक्टरचा बागुलबुवा करणं आजपासून बंद करा. आत्या-काकांनाही सांगा, शेजारच्या काकूंनाही सांगा. बाबांनी आपल्या रूट कॅनालची कहाणी जेवणाच्या टेबलावर रंगवून सांगू नये. आणि 'काही दुखणार नाही हं' असंही म्हणू नका. मुलाने दुखण्याचा विषयच काढलेला नसतो, तुम्ही काढता. त्याला त्यातला 'दुखणार' तेवढा ऐकू येतो.

मग काय सांगायचं? एवढंच, की उद्या आपण दात मोजून घ्यायला जायचंय. आदल्या दिवशी घरात डॉक्टर-डॉक्टर खेळा. आजीने आडवं व्हायचं, नातवाने टॉर्च लावून तिचे दात मोजायचे. (आजीची कवळी असेल तर खेळ जास्तच रंगतो.) मग अदलाबदल. दवाखान्यात वेळ सकाळची घ्या; मूल जेवलेलं, झोप झालेलं असू दे. दुपारच्या झोपेच्या वेळी नेलेलं मूल रडणारच, त्यात दाताचा काही संबंध नाही. त्याची आवडती बाहुली किंवा गाडी सोबत घ्या. डॉक्टर आधी तिचेच दात बघतील.

पहिल्या भेटीत आम्ही काय करतो, तेही सांगते. लहान बाळ असेल तर खुर्चीत बसवतही नाही. आई आणि मी समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावून बसतो, बाळाचे पाय आईच्या कमरेशी, डोकं माझ्या मांडीवर. ते सगळा वेळ आईला बघू शकतं. थोड्या मोठ्या मुलाला प्रत्येक वस्तू आधी सांगायची, मग दाखवायची, मग वापरायची, या क्रमाने जातो. आरसा त्याच्या हातात देतो. पाण्याची पिचकारी आधी त्याच्या तळहातावर उडवतो. लाळ ओढणाऱ्या नळीने भांड्यातलं पाणी गुर्रकन ओढून दाखवलं की 'मला द्या, मला द्या' सुरू होतं. हात वर केला की मी थांबेन, असा करार होतो. मुलं तो उगाचच एक-दोनदा वापरून बघतात, आणि आम्ही खरोखर थांबतो. त्या थांबण्यानेच विश्वास बसतो. तेवढा वेळ पालकांनी शेजारी असावं, हात धरावा, पण बोलायचं काम डॉक्टरवर सोडावं. दोघं एकाच वेळी समजवायला लागले की मूल कुणाचंच ऐकत नाही. निघताना 'शहाण्यासारखा बसलास' म्हणून चॉकलेट घेऊन देऊ नका, एवढी कृपा करा.

आवाजाचा, उजेडाचा किंवा परक्या स्पर्शाचा त्रास होणाऱ्या मुलांच्या पालकांनी, स्वमग्न मुलांच्या पालकांनी विशेषकरून, आधी फोन करून तसं सांगावं. गर्दी नसलेली वेळ मिळते. दवाखान्याचे फोटो मुलाला आधीच दाखवून ठेवता येतात. पहिल्या दिवशी नुसतं खुर्चीवर वर-खाली होऊन घरी गेलं, तरी ती भेट झाली असं धरायचं.

कीड निघालीच तरी प्रत्येक वेळी ड्रिल लागत नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध ब्रशने लावून कीड जागच्या जागी थांबवता येते. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. ते लावलेला किडका भाग काळा पडतो, हे आधी समजून घ्या, म्हणजे नंतर वाद नको. कीड नसेपर्यंत गेली असेल तर मात्र रूट कॅनाल, वर स्टीलची कॅप, आणि दोन-तीन फेऱ्या. याच फेऱ्यांसाठी सुट्टी हवी. परीक्षेच्या आठवड्यात त्या निभत नाहीत.

पैशांची अडचण असेल तर सरकारी दार ठोठवा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत पालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला आहे. जिल्हा रुग्णालयांत आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत दातांचा विभाग असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याखाली अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी होते, आणि त्यात दातही बघतात. पथकाने हातात दिलेली संदर्भ चिठ्ठी फळीवर ठेवून विसरू नका, ती घेऊन रुग्णालयात जा.

या तपासणीतून निसटणारी मुलं आहेत ऊसतोड कामगारांची. दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगरहून बिऱ्हाड कारखान्याच्या तळावर जातं आणि उन्हाळ्यात परततं. गावच्या शाळेत पथक येतं तेव्हा ही पोरं फडात असतात. आशाताई, अंगणवाडीताई, सरपंच, तुम्हाला विनंती आहे: आत्ता ही कुटुंबं गावात आहेत. त्यांच्या पोरांची यादी करून तालुक्याच्या रुग्णालयाला कळवा, एक दिवस ठरवून घ्या. गाळप सुरू झालं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती हाती लागणार नाहीत.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींनाही दोन शब्द. 'दुधाचा दात आहे, राहू द्या' असं म्हणून आलेलं मूल परत पाठवू नका. तुमच्याकडे मुलांसाठी वेळ नसेल तर मुलांचे दात बघणाऱ्या सहकाऱ्याचा पत्ता द्या. आणि रडणाऱ्या मुलाला इंजेक्शनचा धाक आपणच दाखवणं थांबवू या.

शेवटी, ज्यांना थांबायला वेळच नाही त्यांच्यासाठी. मुलाचा गाल किंवा डोळ्याखालचा भाग सुजला असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, तर रविवार आहे, घरात लग्न आहे, असली कारणं शोधू नका. गरम शेक देऊ नका, मागच्या आजारातलं उरलेलं अँटिबायोटिक पाजू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गिळता येत नसेल किंवा श्वास लागत असेल तर 108 ला फोन करा.